नऊ नंबरच्या खांबावरच्या रेघा

सोमवार, ९ जानेवारी

आज पार्काला सुट्टी होती, तरी गेलो. लहान मुलांच्या झुकझुक गाडीवर माझी नेमणूक आहे, पण माझं सगळं लक्ष मागच्या बाजूला असतं. तिथे पत्र्याच्या कुंपणाआड नवीन राइड उभी राहते आहे. तिला अजून नाव ठेवलेलं नाही. कामगार तिला अजगर म्हणतात. एकूण चौदा खांब होणार आहेत, आज सहावा उभा राहिला. क्रेनने आधी तो आडवा उचलला आणि मग हळूहळू सरळ केला. एक तास चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभा होतो.

पार्कातली प्रत्येक नवीन गोष्ट मी पाया खणल्यापासून पाहिली आहे. आरसेमहाल, भूतबंगला, पाण्याची घसरगुंडी. सगळ्यांच्या तारखा जुन्या वह्यांत आहेत. बसतो मात्र सगळ्यांच्या शेवटी. घसरगुंडीवर बसलो तो एकशे सहा माणसं नीट खाली आलेली मोजल्यावर. दादा अजून हसतो. म्हणतो, "हा बोहल्यावर चढायच्या आधी एकशे सहा लग्नं बघून येणार."

दादा अजगरावरच फिटर आहे. तो घरी आला की मी प्रश्न विचारत बसतो. आज वहिनी म्हणाली, "भाऊजी, घास तरी उतरू द्या त्यांचा. अजगर कुठे पळून जात नाही."

गुरुवार, १९ जानेवारी

दादाने माझं काम बदलून घेतलं. उद्यापासून दुपारनंतर अजगरावर. इंजिनियरबाईंना स्थिर हाताचा माणूस हवा होता. दादाने त्यांना माझी वही दाखवली म्हणे. नववीत शाळा सुटलेल्या माणसाचं अक्षर असं कसं, असं त्यांनी विचारलं. मला आनंद झाला, पण वही दुसऱ्याने पाहिली हे आवडलं नाही.

काम असं आहे. रुळाचे तुकडे जिथे एकमेकांना जोडले जातात तिथे प्रत्येक जोडावर सोळा बोल्ट असतात. दादा ते एका मोठ्या पान्याने आवळतो. हा पाना साधा नाही. बोल्ट हवा तितका घट्ट झाला की तो 'टक्' असा वाजतो. टक् झालं की मी ब्रश घेऊन बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक लाल रेघ मारायची. पुढे कधी बोल्ट ढिला होऊन फिरला, तर रेघ तुटलेली दिसते. खालून दुर्बिणीतूनही कळतं.

"टक् नाही तर रेघ नाही. एवढंच लक्षात ठेव. बाकी तुला अक्कल नसली तरी चालेल," दादा म्हणाला.

बुधवार, २५ जानेवारी

आज अठ्ठेचाळीस रेघा मारल्या. वर उंचावर कमरेचा पट्टा मी तीनदा ओढून बघतो. दादाच्या हाताखालचे दोघे, मामा आणि लंबू, माझी टर उडवतात. मामा वयाने मोठे आहेत, सगळेच त्यांना मामा म्हणतात. त्यांनी माझं नाव पट्टी ठेवलं. "पट्टी, तुझी रेघ बघून माझ्या भांगाची लाज वाटते रे." त्यांना टक्कल आहे.

बाई संध्याकाळी पाच वाजता खाली उभ्या राहून दुर्बिणीतून रेघा मोजतात आणि आकडा लिहून घेतात. जितक्या रेघा तितकं काम.

वहिनीला माझ्या कपड्यांना येणारा रंगाचा वास सहन होत नाही. मी आत आलो की ती तोंडाला पदर लावून मोरीत पळते. पित्त झालंय म्हणाली. मी कपडे बाहेरच वाळत टाकायचं ठरवलं आहे.

गुरुवार, २ फेब्रुवारी

दादा फार खुशीत आहे. अजगर सुरू झाला की देखभालीसाठी पार्क एक पक्का फिटर ठेवणार आहे आणि बाईंनी त्याचंच नाव पुढे पाठवलं आहे. आता गावोगावच्या पुलांवर आणि टाक्यांवर फिरायला नको. त्याने मला माझी कॉट आतल्या खोलीतून बाहेर घ्यायला सांगितली. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "जागा लागेल." आई हसली. वहिनीला ती हल्ली बादली उचलू देत नाही. पित्तावर एवढी काळजी मी कधी पाहिली नव्हती.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

खांब नंबर नऊ. दादा सकाळी माझ्या आधी घरातून गेला होता, पण वर दिसला नाही. मामा म्हणाले, "तो ऑफिसात आहे, मागून बघून जाईल." दादाची निळी पेटी खाली होती, तिला कुलूप होतं.

आज काम शांत होतं. टक् असा आवाज एकदाही झाला नाही. मी मामांना दोनदा विचारलं. त्यांनी हातातला पाना वर करून दाखवला. "हा नवीन आलाय. मुका आहे. वाजत नाही, नुसता कळतो." लंबू दुसरीकडे बघत होता. मी म्हणालो, "दादाने सांगितलंय, टक् नाही तर रेघ नाही." मामा म्हणाले, "पट्टी, पाच वाजता बाई खाली येऊन उभ्या राहतील. सोळाच्या जागी शून्य दिसलं तर जाब कोणाला विचारतील? तुझ्या दादालाच ना?"

मग मारल्या. सोळा. आवाज नसल्यामुळे डोकं दुखलं नाही आणि रेघा नेहमीपेक्षा चांगल्या आल्या.

घरी वहिनी नव्हती. आई म्हणाली, माहेरी गेली.

बुधवार, १५ फेब्रुवारी

खांब नंबर दहा. मुका पाना. सोळा रेघा. दादा आजही ऑफिसात.

वहिनीची पिशवी आणि बाहेर जायच्या चपला घरातच आहेत. आईला सांगितलं, वहिनी चपला विसरली. आई म्हणाली, "तू आपलं जेव."

गुरुवार, १६ फेब्रुवारी

दादा आज कामावर आला. दाढी वाढली आहे. खांब नऊ आणि दहाकडे त्याने खालूनच पाहिलं आणि बाईंच्या तक्त्यावर दोन सह्या केल्या. मी म्हणालो, "वर येऊन बघ ना, रेघा किती सरळ आल्यात." तो म्हणाला, "दिसतात मला." मग पेटी उघडून नेहमीचा पाना काढला आणि अकरा नंबरला लागला. दिवसभर टकटक. एकदाही हसला नाही. मामांशीही बोलला नाही.

वहिनी घरी आली. भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. आई तिला जागेवर जेवण नेऊन देते. मी विचारलं, माहेरी सगळे बरे आहेत ना. तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

सोमवार, ६ मार्च

चौदाही खांब झाले, वरचा रूळ पूर्ण जोडला गेला. परवा परांच्याही उतरतील आणि क्रेन परत जाईल. माझ्या एकूण रेघा सोळाशे आणि वर काही. दुपारी कुंपणाबाहेर जाऊन पाहिलं. माझ्या हाताने झालेलं एवढं मोठं काही मी यापूर्वी पाहिलं नव्हतं.

दादाने मला कॉट पुन्हा आत घ्यायला सांगितली. मी विचारलं, "जागा लागणार होती ना?" तो म्हणाला, "आता नाही लागत."

मंगळवार, २१ मार्च

चाचण्या सुरू आहेत. माणसांच्या जागी वाळूच्या गोण्या बसवतात आणि गाडी सोडतात. आज एकशे चाळीसावी फेरी झाली. मी दुर्बिणीतून रोज सकाळी सगळ्या रेघा बघतो, ते आता माझंच काम आहे. एकही तुटलेली नाही. आजूबाजूला कोणी नसताना गोण्या ओरडत नाहीत याचंच भय वाटतं. गाडी नऊ नंबरवर येते तिथे सगळ्यांत मोठा उतार आहे आणि तिथे रूळ थोडा कण्हल्यासारखा वाटतो. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, नवीन लोखंड बोलतंच.

गुरुवार, ३० मार्च

पुढच्या सोमवारी, पार्काच्या सुट्टीच्या दिवशी, कामगारांच्या घरच्या माणसांना पहिली फेरी मिळणार आहे. त्यानंतर आठवड्याने लोकांसाठी खुलं. दादाच्या पक्क्या नोकरीचा कागद बाईंच्या टेबलावर आहे, त्याच दिवशी हातात देणार.

संध्याकाळी दादा अंगणात बसून पेटीतली हत्यारं पुसत होता. मोठा पाना कंपनीला परत गेला म्हणाला. मी सहज विचारलं, "आणि मुका?"

"कसला मुका?"

"तो न वाजणारा. मामांकडे होता तो. नऊ आणि दहा नंबरला."

दादाचा हात थांबला. त्याने फडकं घडी करून पेटीत ठेवलं, मग पुन्हा बाहेर काढलं. "न वाजणारा पाना नसतो," तो म्हणाला. "तो साधा पाना. हाताने बसवायचा."

मी घरात जाऊन ही वही आणली आणि त्याला १४ आणि १५ फेब्रुवारीच्या नोंदी वाचून दाखवल्या. मोठ्याने वाचताना मला कळलं. लिहिताना कळलं नव्हतं.

दादा म्हणाला, "मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, नुसते बसवून ठेवा, काम थांबलेलं दिसू देऊ नका, मी आल्यावर आवळतो. रेघा मारा म्हणून नाही सांगितलं. आल्यावर बघितलं तर रेघा होत्या. मला वाटलं, पलीकडच्या गँगचा पाना मागून घेतला असेल."

"विचारलं नाहीस?"

"नाही."

"सांगू या बाईंना. सोमवारच्या आत वर चढून..."

"वर चढायला आता बाईंची सही लागते. कारण काय लिहू? सही माझी आहे, रेघ तुझी आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ. गोण्या घालून तीनशे फेऱ्या झाल्या. एक तरी रेघ तुटली का?"

"नाही."

"मग झालं. पक्का झालो की पहिल्या आठवड्यात मीच वर जाईन आणि एकेक आवळून येईन. तोवर तोंड उघडायचं नाही. उघडलंस तर आपण सगळे रस्त्यावर."

"दादा, तू होतास कुठे त्या दोन दिवसांत?"

"सगळं लिहून ठेवतोस ना तू? हे नको लिहूस." आणि उठून गेला. म्हणजे त्याने सांगितलंच नाही, तर मी लिहिणार काय?

शनिवार, १ एप्रिल

आजचं अक्षर बघवत नाही. मामांना गाठून विचारलं. ते म्हणाले, "दादा वरचा, आम्ही खालचे. वरच्याने सही केली म्हणजे आमचं पाप धुतलं गेलं." लंबू काम सोडून गेला आहे.

मनाशी हिशेब करतो. गोण्या सांडत नाहीत, हलत नाहीत. माणसं एका बाजूला झुकतात. किती फेऱ्यांनंतर खात्री धरायची? याला आकडा नाही.

वहिनी आज न्हायली आणि आरशासमोर बसली. दीड महिन्यानंतर. आई तिच्याकडे बघत दारात उभी होती आणि मला हाताने गप्प राहा म्हणून खुणावत होती. वहिनी म्हणाली, "भाऊजी, पहिल्या डब्यात जागा धरा हं माझ्यासाठी. मनसोक्त ओरडायचंय मला एकदा." दादा तिथेच होता. तो म्हणाला, "धरेल ना." मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवार, ३ एप्रिल

क्रमाने लिहितो.

आठ वाजता पार्कात पोचलो. फाटकाशी माणसं जमायला लागली होती. कोणाच्या आया, कोणाच्या बायका, नवे कपडे. पावणेनऊला आमच्या घरचे आले. वहिनी रांगेत पहिली. दादा तिच्या मागे उभा होता आणि त्याचा चेहरा भाजलेल्या विटेसारखा झाला होता. मला वाटलं तो बोलेल. मी नऊपर्यंत थांबायचं ठरवलं. नऊ वाजले. मग नऊ वाजून पाच मिनिटांपर्यंत. तो वाकून वहिनीच्या गळ्यातली ओढणी काढून तिच्या हातात देत होता, चाकात अडकू नये म्हणून.

मी बाईंच्या केबिनमध्ये गेलो. त्या चहा पीत होत्या. म्हणालो, "नऊ आणि दहा नंबर आवळलेले नाहीत."

"रेघा आहेत की."

"रेघा मी मारल्या. पाना वाजला नव्हता."

त्यांनी कप खाली ठेवला. "सही कोणाची आहे?"

मी सांगितलं. हे वाक्य मी इथे पुन्हा लिहीत नाही.

बाहेर जाऊन त्यांनी लोकांना सांगितलं की वीज गेली आहे. सगळ्यांना एकेक थंड बाटली दिली आणि परत पाठवलं. वहिनी म्हणाली, "आमच्या पत्रिकेतच नाही बाई हौसमौज." दादा तिच्याबरोबर गेला. त्याने मागे वळून केबिनकडे पाहिलं, मी दारात उभा होतो.

दुपारी कंपनीचा माणूस पाना घेऊन आला. मला वर नेलं. बत्तीस बोल्ट तपासले. अकरा ठीक निघाले. एकोणीस फिरले. दोन बोल्ट मी स्वतः हाताच्या बोटांनी फिरवले. नऊ नंबरवरचे होते ते. त्यांच्या रेघाही तोपर्यंत सरळच होत्या.

बुधवार, ५ एप्रिल

दादाला काढलं. मामांनाही. चौकशीत बाईंनी दादाला विचारलं, त्या दोन दिवसांत कुठे होतास? तो खाली मान घालून उभा राहिला. मला बाहेर बाकावर बसवलं होतं, पण दार उघडं होतं.

मग वहिनी आली. एकटी, चालत. तिने पिशवीतून दवाखान्याचा कागद काढून टेबलावर ठेवला. "माझ्यापाशी होते. मीच त्यांना सोडलं नाही. कोणाला सांगू नका म्हटलं होतं मी." बाईंनी कागद वाचला आणि त्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "अहो, मला एक फोन केला असता, तर मी दोन दिवस काम थांबवलं असतं. दोनच दिवस." दादा तेव्हा रडला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही नाही.

वहिनीने परत येताना तो कागद मला धरायला दिला. त्यावर तीन महिने असं लिहिलं होतं. मी दोनदा वाचलं. माझ्या वहीत पित्त लिहिलेलं आहे.

गुरुवार, १३ एप्रिल

घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. दादा उठतो, दाढी करतो, खुर्चीत बसतो. आई मला वाढते आणि ताटाकडे बघत म्हणते, "घरचं घरात मिटवता आलं असतं." मी दोन बोल्ट बोटांनी फिरले ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "मेलं तर कोणी नाही ना?" कोणी मरू नये म्हणूनच तर बोललो.

पार्कातले लोकही तसंच म्हणतात. तीनशे फेऱ्यांत काही झालं नाही, पुढेही झालं नसतं, सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिला. बाई मात्र चांगलं बोलल्या. देखभालीच्या कामावर मला घ्यायला तयार आहेत, शिकवतील म्हणाल्या. ती दादाची जागा. मी झुकझुक गाडीवर परत जाऊ द्या म्हणालो.

सोमवार, १७ एप्रिल

काल अजगर लोकांसाठी उघडला. माझ्या गाडीच्या फलाटावरून तो दिसत नाही, फक्त ओरडणं ऐकू येतं. आधी एकदम शांत होतं, मग सगळे मिळून ओरडतात, मग हसतात. दिवसभर हसले. एका बाईने मला विचारलं, "ती मोठी राइड सुरक्षित आहे ना हो?" मी म्हणालो, "हो, तपासलेली आहे."

मंगळवार, २५ एप्रिल

दादाला लांब कुठेतरी नदीवरच्या पुलाचं काम मिळालं. वर्षभर तरी तिकडेच. वहिनी तूर्त इथेच राहणार आहे. सकाळी त्याला बसवर सोडायला आम्ही तिघे गेलो. आईने दारातच डोळे पुसून घेतले होते, स्टँडवर ती फक्त सामान मोजत होती. तीन नग.

बस लागली. दादाने निळी पेटी वर टपावर चढवली, दोरीने बांधली आणि खाली उतरून माझ्यासमोर उभा राहिला. बावीस दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"तू केलंस ते चुकीचं नव्हतं," तो म्हणाला. आई आणि वहिनी ऐकत होत्या. "वहिनी बसणार होती तुझी. पण आधी मला सांगायचं होतंस रे. बाहेरच्याकडे जायच्या आधी घरच्या माणसाला सांगतात. मी स्वतः गेलो असतो बाईंकडे. लगेच गेलो असतो."

मी त्याला ३० मार्चला सांगितलं होतं. गुरुवार होता. अंगणात. तो हत्यारं पुसत होता.

त्याचे डोळे माझ्यावर नव्हते, वहिनीवर होते. आणि वहिनी त्याच्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "हो दादा. चुकलं माझं."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बसमध्ये चढला. बस फाटकातून वळेपर्यंत वहिनी हात हलवत होती. परत येताना वाटेत ती म्हणाली, "खरंच भाऊजी, एका शब्दाने त्यांना सांगायचं होतं तुम्ही."

मी म्हणालो, "हो वहिनी."